औषध कावेरीला, सल्ला कुणाला?

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचा विभाग १९२४ साली सुरू झाला. कलकत्त्यानंतर देशातला तो दुसरा. तो उभा करणारे एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला चार्ल्स स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून आले होते. आज मात्र त्यांची आठवण निघते ती १९३५ मध्ये त्यांनी राहत्या घरातून सुरू केलेल्या रेडिओ केंद्रामुळे, कारण ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राचं. त्याच कॉलेजात मानसशास्त्र घेऊन पदवीधर झालेली अनसूया नावाची मुलगी पुढे ‘त्रिवेणी’ या नावाने कन्नडमधली अतिशय लोकप्रिय कादंबरीकार झाली. १९६३ मध्ये, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती गेली. तोवर तिच्या नावावर वीसेक कादंबऱ्या जमा होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा घरातल्या माणसांच्या मनांत काय चालतं याविषयी होत्या. त्यांतली सर्वांत गाजलेली ‘शरपंजर’. म्हैसूर जिल्ह्यातल्याच कणगालच्या पुट्टण्णांनी १९७१ मध्ये त्यावर चित्रपट केला आणि कल्पना या अभिनेत्रीने रंगवलेली कावेरी घराघरांत पोचली.

कावेरीची गोष्ट थोडक्यात अशी. सुखवस्तू संसार, शिकलेला नवरा. बाळंतपणानंतर तिच्या मनाचा तोल जातो, तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागतं, आणि ती बरी होते. खरी कादंबरी इथून पुढे आहे. घरी आलेल्या कावेरीकडे कुणी पूर्वीसारखं पाहत नाही. ती हसली तरी संशय, चिडली तर खात्रीच. शेजारपाजारची कुजबुज थांबत नाही, नवरा मनाने दूर गेलेला असतो आणि त्याचं दुसरीकडे गुंतणंही तिच्यापासून लपत नाही. शेवटी ती पुन्हा कोसळते. रुग्णालयाने आपलं काम केलेलं आहे, डॉक्टरांनी बरी करून पाठवलेली आहे. ती परत आल्यावर कसं वागायचं, हे घरातल्यांना मात्र कुणी सांगितलेलं नाही आणि त्यांनीही कुणाला विचारलेलं नाही. साठ वर्षांपूर्वी मानसशास्त्राच्या एका पदवीधर बाईने नेमकी जागा दाखवून ठेवली होती. ‘शरपंजर’कडे मात्र आपण अजूनही ‘सामाजिक कादंबरी’ म्हणून पाहतो आणि डोळे पुसून पुस्तक मिटतो. माझं म्हणणं असं की घरातल्या मनाच्या दुखण्यावर सल्ला घ्यायचा तर तो आधी घराने स्वतःसाठी घ्यायला हवा. तो आपण घेतो दुसऱ्या कुणाविषयी, आणि बहुतेक वेळा त्या माणसाच्या पाठीमागे.

सल्ला मागितलाच जात नाही असं नाही. उलट आपल्या घरांत तो सतत मागितला जातो. बहिणीला फोन जातो, मामाला बोलावलं जातं, फॅमिली डॉक्टरच्या कानावर घातलं जातं. मागण्याची रीत मात्र ठरलेली असते. ‘जरा तुम्ही समजावून सांगा त्याला.’ ‘तिच्या डोक्यात काय भरलंय कळत नाही.’ प्रश्न ज्याच्याविषयी आहे तो माणूस आतल्या खोलीत असतो. विचारणारा स्वतः प्रश्नाच्या बाहेर उभा राहतो, आपण रोज त्याच्याशी काय आणि कसं बोलतो हे तो सांगत नाही, आणि ऐकणारा तसं विचारतही नाही. त्यामुळे उत्तरही बाहेरूनच येतं. मन घट्ट कर, कामात मन रमव, सगळ्यांच्याच घरी असतं हे, चार दिवस माहेरी जाऊन ये. सांगणाऱ्याच्या मायेबद्दल शंका नको. पण ही सगळी वाक्यं एकाच माणसाला उद्देशून आहेत, आणि तो माणूस नेमका ती अमलात आणण्याच्या स्थितीत नसतो.

यातलं ‘कामात मन रमव’ हे वाक्य वाटतं तितकं चुकीचं नाही. उदासी दाटली की माणूस आवडीच्या गोष्टी सोडतो. त्या सोडल्या की दिवस आणखी रिकामा होतो आणि उदासी आणखी वाढते. हे चक्र उलटं फिरवण्यासाठी सोडलेल्या गोष्टी लहान-लहान टप्प्यांनी पुन्हा हातात घ्यायच्या, यावर एक पूर्ण उपचारपद्धती उभी आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने तिचा प्रयोग केला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. म्हणजे घरातली मावशी आणि आरोग्य केंद्रातला समुपदेशक यांच्या सांगण्यातला मजकूर काही बाबतीत जवळजवळ सारखाच आहे. फरक रीतीत आहे. समुपदेशक आधी ऐकतो, मग उद्या सकाळी दहा मिनिटं अंगणात बसता येईल का एवढंच ठरवतो, आणि पुढच्या आठवड्यात जमलं नाही तर रागावत नाही, का जमलं नाही ते विचारतो. घरात तोच सल्ला हुकूम म्हणून येतो आणि पाळला गेला नाही की अपमान ठरतो. ही रीत शिकता येते, आणि शिकायला पदवी लागत नाही, हे गोव्याने दाखवून दिलं. मग ती घरातल्यांनीच का शिकू नये?

घराच्या वागण्याने खरंच इतका फरक पडतो का, हा प्रश्न विचारणं रास्त आहे. कादंबरी काही पुरावा होत नाही. पुरावा लंडनमधून आला. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि पुढे १९७६ मध्ये ख्रिस्टीन व्हॉन व ज्युलियन लेफ यांनी, स्किझोफ्रेनियातून बरे होऊन घरी गेलेल्यांचा माग ठेवला. घरातली माणसं त्यांच्याविषयी कशी बोलतात, किती दोष काढतात, किती वैर दाखवतात, आणि उलट बाजूने किती जीव गुदमरवणारी काळजी करतात, हे मुलाखतींतून मोजलं. दोन्ही अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तर दोष आणि अतिकाळजी जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांच्या आत साधारण निम्म्या जणांना आजार पुन्हा उलटला, शांत घरांत आठांत एकाला. नैराश्याच्या रुग्णांतही पुढे असाच संबंध दिसला. त्रासदायक वागण्याच्या या यादीत टीकेच्या शेजारी अतिकाळजी बसली आहे, हे आपल्याकडे विशेष लक्षात घ्यावं लागेल. ‘मी तर तिला एक काडीसुद्धा उचलू देत नाही’ असं अभिमानाने सांगणारी सासू स्वतःला टीकाकारांत धरत नाही. पण दिवसभर पाळत ठेवणारी माया आणि दिवसभर चालणारी बोलणी यांचा त्रास आजारी माणसाला सारखाच होऊ शकतो.

यावरून भारतीय कुटुंबाला झोडपण्याची घाई मात्र करू नये. १९८०च्या दशकात हेच मोजमाप चंदीगडमध्ये करण्यात आलं, तेव्हा टीका आणि अतिकाळजी जास्त असलेले नातेवाईक तिथे लंडनच्या मानाने निम्म्याच्या आसपासच निघाले. आणि कुटुंबाला उपचारात घेण्याची कल्पना तर आपल्याकडे फार आधी रुजली. पाश्चात्त्य मनोरुग्णालयं नातेवाइकांना फाटकाबाहेर ठेवत होती त्या काळात, १९५०च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना राहायला बोलावत होते आणि त्यांच्याशी रोज बोलत होते. त्याच दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाच्या मानसिक आरोग्य केंद्रात घरचं माणूस सोबत राहण्याची पद्धत पडली. खरं तर जागा आणि परिचारिका कमी, हे या दोन्ही प्रयोगांमागचं एक कारण होतं. अडचणीतून निघालेली वाट पुढे शास्त्र म्हणून मान्य झाली आणि आपण मात्र मधल्या काळात ती बरीचशी विसरलो. आज ओपीडीत घरचा माणूस असतो तो केसपेपर धरायला आणि गोळ्या कधी द्यायच्या ते लक्षात ठेवायला.

आजच्या म्हैसूरमध्ये सोयींची वानवा आहे असं म्हणता येणार नाही. म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे, जेएसएसचं मोठं रुग्णालय आहे. तालुक्यांच्या ठिकाणी मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ उपलब्ध करून देणारी ‘मनोचैतन्य’ योजना कर्नाटकाने २०१४ मध्ये सुरू केली, म्हणजे हुणसूर किंवा नंजनगूडच्या माणसाला त्यासाठी शहर गाठायला लागू नये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा देशातला नमुनाच मुळी कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात १९८०च्या दशकात तयार झाला. शिवाय म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरात वाचा-श्रवण संस्था आहे, तिथे ऐकू न येणारी, उशिरा बोलणारी, स्वमग्न मुलं घेऊन लांबून लांबून आईबाप येतात. त्या संस्थेत एक गोष्ट कुणालाच वावगी वाटत नाही. मुलाच्या बोलण्याचा सराव घरी कसा घ्यायचा, काय करायचं आणि काय टाळायचं हे आईबापांनाच शिकवावं लागतं. मूल बोलत नाही म्हणजे आईबाप दोषी, असा अर्थ त्यातून कुणी काढत नाही. शिकायचं त्यांना आहे, एवढाच त्याचा अर्थ. हीच साधी समज मोठ्या माणसाच्या उदासीच्या बाबतीत का लागू होत नाही, याचं उत्तर मला वाटतं भीतीत आहे. घराला सल्ला हवा असं म्हटलं की घराला वाटतं आपल्यावर आरोप झाला.

दुसरीकडे गरज केवढी आहे ते पाहा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. सर्वेक्षण झालं ती बारा राज्यं होती, त्यांत कर्नाटकही नव्हता आणि महाराष्ट्रही नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला काही आधार नाही. लाख लोकांमागे पुरता एक मानसोपचारतज्ज्ञही नाही अशा देशात प्रत्येक उदास माणसाने डॉक्टर गाठावा असं सांगणं म्हणजे काहीच न सांगण्यासारखं आहे. तिथे घर शिकलं तरच काही हलेल. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही, २०२५च्या मध्यापर्यंत तिथे वीस लाखांवर फोन गेले होते. घरच्या माणसाने आजारी माणसाबद्दल फोन केला तरी चालतो. तो तक्रार म्हणून न करता ‘मी काय करू, मी काय बंद करू’ असा केला तर त्याचा उपयोग जास्त. इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रात प्रशिक्षणाला महाराष्ट्रातूनही मुलं-मुली येतात. नांदेडला किंवा सांगलीला बसलेल्या आईवडिलांना मुलाच्या फोनवरच्या आवाजावरूनच सगळं ओळखायचं असतं, आणि ‘जेवलास का’ याच्या पुढचा दुसरा प्रश्न सुचत नाही. असे आईवडीलही तो क्रमांक फिरवू शकतात.

या म्हणण्यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की, घर हेच जिथे दुखण्याचं मूळ आहे तिथे घराला उपचारात घेणं म्हणजे लांडग्याला कोकरू राखायला देणं. आक्षेप खरा आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५२ बाळंतिणींपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्क्यांना, बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य होतं. नवऱ्याची मारहाण, गरिबी, आणि मुलगाच हवा असताना मुलगी होणं या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या निघाल्या. अशा बाईला सासूच्या देखत ‘तुम्हाला काही त्रास आहे का?’ असं विचारलं तर उत्तर नाहीच येणार. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी त्या व्यक्तीला एकटीला, बंद दाराआड बोलता आलं पाहिजे, आणि घरातल्या कुणाला काय सांगायचं ते तिने ठरवलं पाहिजे. जिथे हात उगारला जातो तिथे प्रश्न सल्ल्याचा राहत नाही, संरक्षणाचा होतो, आणि समुपदेशकाने समेटाची घाई करणं हे तर अपराधासारखंच आहे. मात्र ‘घर धोकादायक असतं’ हे सगळ्या घरांना लावून टाकलं, तर ज्या घरांत दुष्टपणा नाही, फक्त अडाणीपणा आहे, ती घरं तशीच राहतात. माझ्या मते अशीच घरं जास्त आहेत.

बाळंतपणाचा हा धागा सोडवत नाही, कारण कावेरीचं आजारपण तिथूनच सुरू झालं होतं. बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हजार बाळंतपणांत एक-दोघींना होतो आणि त्यात तातडीने डॉक्टरकडे न्यावंच लागतं. बाधा, दृष्ट म्हणून आठवडे घालवणं आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. उदासी मात्र त्याच्या कितीतरी पट जास्त जणींना होते आणि ती गुपचूप होते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००९ मध्ये आई आणि बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग सुरू केला, देशातला पहिला. तिथे बाळाला आईपासून तोडत नाहीत आणि घरच्या बाईलाही सोबत राहावं लागतं. त्रिवेणीने लिहिलं त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, दीडशे किलोमीटरवर, तिच्या प्रश्नाला मिळालेलं हे एक नेमकं उत्तर आहे. पण एका विभागात किती आया मावणार? म्हैसूरच्या चेलुवांबा रुग्णालयासारख्या कुठल्याही सरकारी प्रसूतिगृहात बाळंतिणीला घरी पाठवताना बाळाच्या लसींची तारीख सांगितली जाते. त्याच वेळी सोबत आलेल्या नवऱ्याला पाच मिनिटं बाजूला घेऊन सांगता येईल की, पुढच्या दोन महिन्यांत ही सारखी रडली, बाळ जवळ घेईना, रात्री बाळ झोपलेलं असूनही हिला झोप लागेना, तर ते नखरे समजू नका आणि या ठिकाणी या. याला पैसे पडत नाहीत. लागते ती फक्त नवऱ्याला त्या खोलीत बोलवायची सवय.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. पूर्वी कुठे होते समुपदेशक, घरातच सगळं निभावून जात होतं. निभावून जात होतं का, हे त्या घरांतल्या विधवांना आणि सुनांना कुणी विचारलेलं नाही. पण हा आक्षेप नुसता उडवून लावण्यासारखा नाही, कारण रोजचा ताण, परीक्षेची धास्ती, नोकरी गेल्यावरचे दिवस, जवळचं माणूस गेल्याचं दुःख यांतलं बरंचसं खरोखरच घरातच, मित्रमंडळींत, वेळेनेच निवतं. दुःखाला आजार म्हणू नये. ढोबळ खूण एवढीच: दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, काम, अंघोळ-पांघोळ यांची घडी बिघडलेली असेल, किंवा जगण्याचा वीट आल्याचं बोलणं एकदा जरी कानावर आलं, तर बाहेरचा माणूस हवा. मरणाचं बोलणं ऐकून ‘काहीतरीच काय बोलतोस’ म्हणून विषय बदलणं ही सर्वांत महागात पडणारी रीत आहे. मरायचा विचार येतोय का असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. हे अनुभवी माणसं वारंवार सांगतात आणि तरी आपल्या तोंडून तो प्रश्न निघत नाही.

तिसरा मुद्दा देवाधर्माचा. कारस्टेअर्स आणि आर. एल. कपूर या मानसोपचारतज्ज्ञांनी किनारी कर्नाटकातल्या कोटा गावात केलेला अभ्यास १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आला. तिथली माणसं मांत्रिकाकडेही जात होती, अंगात येणाऱ्या पात्रीकडेही आणि डॉक्टरकडेही, आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. आजही फार बदल झालेला नाही. नंजनगूडच्या देवळात नवस बोलून परत येताना रुग्णालयात थांबायला कुणाची हरकत नसावी. हरकत आहे ती मारहाणीला, उपाशी ठेवण्याला, साखळीने बांधण्याला, आणि ‘गोळ्या बंद केल्या तरच गुण येईल’ या अटीला. बाकी, पात्री पूर्ण कुटुंबाला समोर बसवून बोलतो आणि ओपीडीतला डॉक्टर एकट्या रुग्णाशी तीन मिनिटं बोलतो, यातला फरक लोकांना कळतो. तो डॉक्टरांनाही कळायला हवा.

घराला शिकवणं आपल्याकडे जमतं का, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोलाही बसवून घेतलं. ‘सहचरी’ हा बायकांचा गट त्यातूनच आला. नवऱ्याची दारू आपल्यामुळे नाही आणि आपल्या रडण्याने, लपवण्याने, कर्ज फेडण्याने ती सुटतही नाही, हे एका बाईला दुसऱ्या बाईकडून ऐकताना जेवढं पटतं तेवढं डॉक्टरच्या तोंडून पटत नाही. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गटही याच वाटेने जातात. २००४ मधल्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटातही प्रश्न बहिणीच्या बाजूने मांडलेला आहे: आजारी भावाला घरी आणायचं तर आपल्याला काय-काय शिकावं लागेल, आपला संसार सांभाळून किती करता येईल. किती करता येईल, हा प्रश्न विचारण्याची मुभा सांभाळणाऱ्याला असणं हासुद्धा घराला मिळालेल्या सल्ल्याचाच भाग आहे. नाहीतर एकाची शुश्रूषा करता करता दुसरं माणूस अंथरूण धरतं. ते बहुधा घरातली बाईच असते.

कायद्यानेही एक दार उघडून ठेवलं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार कुठल्याही सज्ञान व्यक्तीला आपल्या उपचारांच्या बाबतीत साहाय्य करणारा प्रतिनिधी साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो. तो नवरा किंवा बापच असला पाहिजे असं नाही. मैत्रीण चालते, मामेभाऊ चालतो, शेजारी चालतो. धडधाकट असताना हा कागद करून ठेवता येतो. आजार उलटला तर आपल्याला काय चालेल आणि काय चालणार नाही हेही आधी लिहून ठेवायची सोय त्याच कायद्यात आहे. मृत्युपत्राचा विषयसुद्धा जेवणाच्या पंगतीत न काढणाऱ्या आपल्या घरांत हा कागद लगेच होईल असं नाही. पण तो करायचा म्हटलं की एक प्रश्न आपोआप समोर येतो: मी कोसळले तर माझ्या वतीने कुणी बोलावं असं मला वाटतं? आणि घरातल्या बाकीच्यांना, आपलं नाव तिथे का आलं नाही, याचा विचार करावा लागतो.